एस्तरबाईंचा दावा

वकिली सोडून आता बरीच वर्षं झाली, तरी लग्नकार्यात कोणी ना कोणी गाठून विचारतंच, की वकीलसाहेब, तुमची सगळ्यात मोठी केस कोणती? विचारणाऱ्याला खून, दरोडा असं काहीतरी हवं असतं. मी पडलो दिवाणी वकील. माझी हयात बांध, विहिरीतला हिस्सा, भावाभावांचं वाटप आणि भाडेकरूंच्या कटकटी यांत गेली. मग मी त्यांना भांड्यांच्या दुकानात पडलेल्या एका बाईंची गोष्ट सांगतो. ऐकणाऱ्याचा चेहरा आधी जरा उतरतो. पण निम्म्यात कोणी उठून गेल्याचं आठवत नाही.

सत्तर सालच्या आसपास मी श्रीरामपूरला वकिलीची पाटी लावली. त्या काळी दुकानात पाय अडकून कोणी पडलं, तर दुकानदार त्याला पाणी देई, गल्ल्यामागून हळद आणवी, फार तर टांगा करून घरी पोचवी. पडणारा धोतर झटकत, इकडंतिकडं बघत निघून जाई. पडण्याची लाजच जास्त. त्यावरून कोर्टात जाता येतं, हे बहुतेकांच्या गावीही नव्हतं. आणि ज्यांना कुठूनतरी कळलेलं असे, त्यांना अर्धवट कळलेलं असे.

एकदा घोडेगावच्या बाजारात बैल विकून आलेले एक पाटील लंगडत माझ्याकडं आले. कासरे-दोरखंडाच्या दुकानापुढं ते आपटले होते. सगळी हकिगत सांगून झाल्यावर पुढं सरकून हलक्या आवाजात म्हणाले, "उंबऱ्यावर पडलं तर कसं धरत्यात? माझं डोकं आत हुतं, पाय भायेर." मी विचारलं, की खरं काय झालं? तर म्हणाले, खरं म्हणजे सगळाच भायेर हुतो, पण डोकं आत घेता यील. मी त्यांना चहा पाजला आणि हाडवैद्याचा पत्ता दिला.

अशांना मी एकच गोष्ट समजावून सांगत असे. नुसतं पडलं म्हणून भरपाई मिळत नाही. दुकानदार गिऱ्हाइकाला आत बोलावतो, तेव्हा जागा निर्धोक ठेवणं हे त्याचं काम असतं. त्यात त्यानं हयगय केली, त्या हयगयीमुळंच माणूस पडला आणि पडल्यामुळंच त्याचं नुकसान झालं, एवढं सगळं शाबित करावं लागतं. यातली एक कडी तुटली की दावा गेला. म्हणून समोरचा वकील नेहमी मधल्या कडीवर घाव घालतो. तो म्हणतो, माणूस पडला तो स्वतःच्याच दोषानं. त्याचं लक्ष नव्हतं, तो प्यालेला होता, त्याला कमी दिसतं. एस्तरबाईंच्या बाबतीत असाच घाव घातला गेला, आणि तो नको तिथं लागला.

एस्तरबाई म्हणजे श्रीरामपुरातल्या सुईणबाई. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकलेल्या, पुढं नोकरी सोडून घरोघरी बाळंतपणं करणाऱ्या. वय पन्नाशीच्या अलीकडं, अंगावर पांढरं पातळ, हातात चामड्याची काळी बॅग आणि बसायला सायकल. त्या काळात सायकलवरची बाई म्हटलं की पोरं मागं धावायची. एस्तरबाईंच्या मागं कोणी धावत नसे, कारण धावणाऱ्यांतली निम्मी त्यांच्याच हातून जन्मलेली. मराठ्यांच्या वाड्या, बौद्धांच्या वस्त्या, बाजारपेठेतली व्यापाऱ्यांची घरं, सगळीकडं त्यांचा पाय असे. नवरा लवकर वारला होता. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या चाळीवजा घराच्या पडवीत सकाळपासून कोणी ना कोणी बायका बसलेल्या असत.

बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा. बाजारपेठेत माणिकशेठचं भांड्यांचं मोठं दुकान होतं. त्या वर्षी लोक भांडी घ्यायला कमी आणि मोडीत घालायला जास्त येत. घेतलेली मोड पोत्यांत भरून खाली तळघरात टाकत. तळघराचं तोंड दुकानाच्या ऐन मध्यावर होतं. फरशीच्या बरोबरीत लाकडी झाकण, ते उचललं की खाली उतरणाऱ्या पायऱ्या. झाकण उघडं असलं की भोवती चार हंडे मांडून ठेवायचे, अशी दुकानाची जुनी रीत होती.

एस्तरबाई बाळंतपणाचं सामान उकळायला पातेलं घ्यायला गेल्या होत्या. आतल्या बाजूला अंधार होता. माणिकशेठ दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्यांना म्हणाले, की पातेलं उजेडाकडं नेऊन बघा. बाई पातेलं उलटं धरून, त्याचा तळ निरखत दाराकडं निघाल्या आणि उघड्या तोंडातून खाली गेल्या. हंडे मांडलेले नव्हते. उजवं मनगट अंगाखाली सापडलं.

नगरच्या सरकारी दवाखान्यात प्लास्टर घातलं. ते काढलं तेव्हा हाड जुळलेलं होतं, पण हात वळेना. तळहात वर करून धरायला सांगितलं की अर्ध्यावर अडायचा. लिहिता येत होतं, भाजी चिरता येत होती. पण सुईणीचं काम वळणाऱ्या हातावर चालतं.

एस्तरबाई पहिल्यांदा वकिलाकडं आल्याच नाहीत. त्या सरळ दुकानात गेल्या आणि शेठना म्हणाल्या, की माझ्या औषधपाण्याचं आणि बुडालेल्या कामाचं काहीतरी बघा. माणिकशेठ माणूस वाईट नव्हता, पण चार लोक ऐकत होते. तो म्हणाला, "बाई, तुमचंच लक्ष न्हवतं." तिथून त्या माझ्याकडं आल्या.

मी नोटीस पाठवली. माणिकशेठचे वकील होते नानासाहेब, आमच्या बारमधले सगळ्यात ज्येष्ठ. त्यांचं उत्तर आलं. झाकण बंद होतं, ते बाईंच्या वजनानं सरकलं असावं. शिवाय बाईंना चक्कर येण्याचा जुना आजार आहे, हे साऱ्या गावाला माहीत आहे. नानासाहेबांच्या मनात काही आकस होता असं मला वाटत नाही. वकिलीत असं लिहायची पद्धत असते. झाडाला दगड मारून बघायचा, कैरी पडली तर पडली.

पण गावात त्या वाक्याचा बोभाटा झाला. दुकानात पडली ती चक्कर येऊन, असं आधी बाजारात बोललं गेलं, मग पाणवठ्यावर. आणि ज्या बाईच्या हातात आपली सून, आपली लेक द्यायची, तिला चक्कर येते म्हटल्यावर कोण बोलावणार? पडवीतल्या बायका कमी होत गेल्या. मोडलेल्या हातानं जेवढं नुकसान केलं नव्हतं, तेवढं त्या एका शब्दानं केलं.

एस्तरबाई उत्तराचा कागद घेऊन माझ्यासमोर बसल्या. त्या चिडलेल्या दिसत नव्हत्या. म्हणाल्या, "हाताचं मी सोसलं असतं. हे नाही सोसायचं. दावा लावा."

दावा लागला. कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरातही, नानासाहेबांनी तेच लिहिलं. बाईंच्या साक्षीचा दिवस आला, तेव्हा मी त्यांना आदल्या संध्याकाळी तयारी करून घ्यायला बोलावलं. पक्षकाराला सगळेच वकील सांगतात तसं मीही सांगितलं, की विचारतील तेवढंच बोला, जास्तीचं काही बोलू नका. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी उलटतपासात नानासाहेबांनी शांतपणे विचारलं, की तुम्हाला कधीच चक्कर आलेली नाही, असं म्हणणं आहे का? 'होय' म्हटलं असतं तर प्रश्न तिथंच संपला असता. बाई म्हणाल्या, एकदा आलेली आहे. चर्चमध्ये, उपवासाच्या दिवशी, उभ्या उभ्या. लोकांनी धरून बाहेर नेलं.

नानासाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी पुढचा प्रश्न लगेच टाकला. दुकानात तळघर आहे हे ठाऊक होतं? होतं, बाई म्हणाल्या, वीस वेळा गेलेय. मग चालताना खाली बघत होतात? नाही. कुठं बघत होतात? पातेल्याच्या तळाकडं.

"म्हणजे चालताना तुमचं जमिनीकडं लक्ष नव्हतं, हे कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या. मग जराशा थांबून न्यायाधीशांकडं बघत त्यांनी एवढंच जोडलं, "साहेब, दुकानात माणूस भांडं बघायला जातं. भुई बघायला कोण जातं?"

न्यायाधीश लिहिता लिहिता थांबले. मग त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. दुकानदाराची जबाबदारी या विषयावर मी कॉलेजात पानंच्या पानं वाचली होती. त्यांतली एकही ओळ मला त्या दिवसापर्यंत इतकी नीट समजली नव्हती. तरीही बाहेर आल्यावर मी बाईंना म्हणालो, की चर्चमधलं सांगायला नको होतं. त्या म्हणाल्या, "शपथ घेतल्यावर ते माझ्या हातात राहिलं नव्हतं."

माणिकशेठची साक्ष पुढच्या तारखांना ढकलत गेली. त्यात कित्येक महिने गेले. आणि मधल्या काळात जे घडलं, ते माझ्यापर्यंत पिठाच्या गिरणीवरून आलं. माझी बायको दळण घेऊन आली ती बातमी घेऊनच.

माणिकशेठची सून सुमन बाळंतपणाला सासरीच राहिली होती. दिवस भरायला अवकाश आहे असं धरून सगळे निर्धास्त होते. एका दुपारी तिला एकाएकी कळा लागल्या. गावातल्या लेडी डॉक्टर नेमक्या नगरला गेलेल्या. गाडी आणेपर्यंत बाळाचा पाय दिसायला लागला. पायाळू होतं. शेठ दुकानातून धावत आले, पण पुढं काय करायचं ते कोणालाच सुचेना. तेव्हा शेठच्या बायकोनं, जिला सगळे काकी म्हणत, पायात चपला सरकवल्या आणि ती भर उन्हात चालत एस्तरबाईंच्या घरी गेली. नवऱ्याला विचारलं नाही. दारात उभी राहून म्हणाली, की बाई, सून अडलीय, बाळ पायाळू हाय.

एस्तरबाईंनी बॅग उचलली. दाव्याचं एक अवाक्षर निघालं नाही.

पुढचं मला खुद्द काकींनी सांगितलं, पण ते बऱ्याच वर्षांनी, दोघीही म्हाताऱ्या झाल्यावर. खोलीत गेल्यावर एस्तरबाईंनी हात धुतले, सुमनला तपासलं, आणि काकींना म्हणाल्या, "माझा उजवा हात वळत नाही. ऐन वेळी बाळाला वळवून घ्यावं लागेल, ते मला जमणार नाही. तुम्ही करायचं. मी सांगते तसं." काकी घाबरल्या. त्यांनी आयुष्यात असलं काही केलेलं नव्हतं. बाई म्हणाल्या, की हात धुवा आधी.

मग त्या काकींच्या खांद्याला खांदा लावून बसल्या आणि बोलत राहिल्या. ओढू नका. अजून वाट बघा. तिला कळ घेऊ द्या. आता फडकं घ्या, त्यात धरा, पोट दाबू नका. आता वळवा, माझ्या बाजूला, सावकाश. डावा हात सुमनच्या पोटावर ठेवून त्या सगळं जाणून घेत होत्या आणि काकींच्या हातांना वाट दाखवत होत्या. "मला माझा हात दिसंना," काकी मला म्हणाल्या, "मला निस्ता त्यांचा आवाज ऐकू येत हुता." मुलगा झाला. रडायला जरा उशीर लागला, पण रडला. एस्तरबाईंनी नाळ बांधली, सुमनचं सगळं नीट आहे ना ते बघितलं आणि चहा घेऊन घरी गेल्या.

माझ्या बायकोला गिरणीत यातलं बाळ पायाळू होतं आणि एस्तरबाईंनी सोडवलं, एवढंच कळलं होतं. पण वकिलाला तेवढं पुरे. मला रात्रभर झोप नाही. ज्या घरानं कोर्टात लिहून दिलं की या बाईला चक्कर येते, त्याच घरानं आपली सून त्याच बाईच्या हवाली केली! उलटतपासात हा एकच प्रश्न विचारला की कैफियत कोसळणार होती. सकाळी मी एस्तरबाईंकडं गेलो. पडवी रिकामी होती. मी काय करणार आहे ते सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे विचारायचं नाही."

मी समजावलं. पुन्हा समजावलं. तुमचं नाव धुऊन निघेल म्हटलं. त्यांनी मला एखाद्या नव्या नर्सला सांगावं तसं सांगितलं, की बाळंतिणीच्या खोलीत जे होतं ते खोलीतच राहतं. ती पोरगी माझ्यासमोर ओरडली, रडली, ते मी कोर्टात चार लोकांपुढं मांडू? मग उद्या मला कोणी का बोलवावं? मी म्हणालो, तसंही आता कोणी बोलवत नाही. हे बोलायला नको होतं, पण बोललो. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही बोलवलं तर नाही. पण बोलवलं तर याच भरवशावर बोलवावं."

पक्षकाराचा शब्द मोडायचा नसतो.

माणिकशेठ साक्षीला उभे राहिले, तेव्हा त्यांनी पहिल्यापासून माझ्याकडं बघायचं टाळलं. नानासाहेबांच्या प्रश्नांना त्यांनी ठरल्याप्रमाणं उत्तरं दिली, पण आवाज बारीक. झाकण बंद असेल. बाईंना चक्कर येते असं ऐकून आहे. मी उलटतपासाला उठलो. शेठनी कठड्याची पट्टी घट्ट धरली. त्यांना वाटत होतं की आता तो प्रश्न येणार. त्यांच्या कपाळावरचा घाम मला माझ्या जागेवरून दिसत होता. मी तळघराबद्दल विचारलं, हंड्यांबद्दल विचारलं, त्या दिवशी मोडीची पोती खाली कोणी टाकली ते विचारलं. आठवत नाही, आठवत नाही, अशी उत्तरं आली. मी बाईंकडं पाहिलं. त्या मागच्या बाकावर मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांनी हलकेच मान हलवली. मी म्हणालो, मला आणखी काही विचारायचं नाही, आणि खाली बसलो.

न्यायाधीशांनी शेठना जायला सांगितलं. ते हलेनात. पट्टेवाल्यानं हात केला, तरी उभेच.

"साहेब, यांनी इच्यारलं न्हाई," शेठ म्हणाले. "पर मला सांगायचंय."

नानासाहेब अर्धवट उठले. न्यायाधीशांनी त्यांना हातानं बसवलं आणि शेठना बोलू दिलं. शेठ म्हणाले, की झाकण उघडं होतं, आपणच उघडलं होतं, आणि हंडे मांडायचे राहून गेले. बाईंना चक्कर-बिक्कर काही येत नाही. त्यांचा हात मात्र वळत नाही, हे आपल्या घरातल्या माणसानं डोळ्यांनी पाहिलंय. कोणी, कधी, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही आणि न्यायाधीशांनीही खोदून विचारलं नाही. कठड्यावरून उतरताना शेठ एस्तरबाईंच्या बाकापाशी क्षणभर थांबले. बाईंनी विचारलं, "बाळ अंगावर पितंय ना नीट?" शेठनी मान डोलावली आणि ते बाहेर गेले.

नानासाहेबांनी बाररूममध्ये मला गाठलं. मला वाटलं, रागावणार. पगडी उतरवून ठेवावी तसा चष्मा काढून टेबलावर ठेवत ते म्हणाले, की तुला ते बाळंतपण ठाऊक होतं ना? मी हो म्हणालो. "मग विचारलं का नाहीस?" मी म्हणालो, अशिलानं मनाई केली होती. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "असं अशील मला मिळालं नाही रे."

दाव्याचा निकाल बाईंच्या बाजूनं लागला. पूर्ण नाही. चालताना समोर बघायला हवं होतं, एवढा त्यांचाही हलगर्जीपणा न्यायाधीशांनी धरला आणि भरपाईतून त्याचा वाटा कापला. मला ते लागलं. बाईंना मुळीच लागलं नाही. त्या म्हणाल्या, बरोबरच आहे, मी पातेलं बघत होते. हातावर पुढं मुंबईपर्यंत उपचार केले, पण हात काही वळला नाही. त्याची हळहळ मला आजही आहे. कोर्ट भरपाई देतं, मनगट देऊ शकत नाही.

निकालाची नक्कल मिळाल्यावर मी ती त्यांच्या घरी घेऊन गेलो. बघतो तर पडवी भरलेली. बाईंनी शेजारपाजारच्या बायकांना मुद्दाम बोलावून बसवलं होतं. मला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, वाचा. मी सुरुवातीपासून वाचायला लागलो, तशा त्यांनी थांबवलं. पैशाचं नको, हाताचंही नको, चकरेचं तेवढं वाचा. मी तो परिच्छेद शोधला. इंग्रजीत होता, म्हणून वाक्यावाक्याचं मराठी करत वाचला, की वादी बाईंना चक्कर येण्याचा कोणताही आजार असल्याचं शाबित झालेलं नाही, खुद्द प्रतिवादीनंच ते नाकारलेलं आहे. बाईंनी पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचला.

मग मागं भिंतीला टेकून बसलेली एक पोट आलेली बाई उठायचा प्रयत्न करत म्हणाली, "मंग बाई, मला बघायला कवा येता?"

"येते की उद्याच," एस्तरबाई म्हणाल्या. "पण तुझ्या सासूला घरात थांबायला सांग. आता मी हात दुसऱ्याचे वापरते."

आणि पडवीतल्या बायका हसायला लागल्या.